आचाऱ्यांचे हार्दिक स्वागत

मला चुकीची पाटी वाचून गप्प पुढे जाता येत नाही. 'येथे गाड्या लावू नये' दिसलं की माझं डोकं उठतं आणि शेजारी जो बसला असेल त्याला ते ऐकावं लागतं. शेजारी बहुतेक वेळा मयुरेश असतो, माझा नवरा. तो म्हणतो, "मृण्मयी, तुझ्याबरोबर नाशकात गाडी चालवायची म्हणजे शाळा तपासायला निघालेल्या साहेबांना घेऊन फिरायचं." म्हणू दे. माझं कामच अक्षरांचं आहे. मोबाइलवर, पुस्तकात, लग्नाच्या पत्रिकेत जी मराठी अक्षरं दिसतात ती कुणीतरी एकेक करून काढलेली असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. ती काढणाऱ्यांपैकी मी एक. बारा वर्षं पुण्याच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या फॉन्टची डागडुजी केली, मग नाशिकला परत आले आणि इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. स्वतःच्या नावाचा एक फॉन्ट करायचा, एवढंच मनात होतं. चार वर्षं तो काही सुचत नव्हता.

तो सुचला द्वारकेच्या चौकात, गाडी अडकलेली असताना.

गेल्या जानेवारीत माझा कॉलेजमधला मित्र शेखर याने शहरात नऊ ठिकाणी दिव्यांचे शब्द उभे केले होते. पुतळे नाहीत, कमानी नाहीत, नुसते शब्द, आठ-आठ फूट उंच, संध्याकाळी पेटणारे. नदीकाठी 'बस की जरा'. स्टँडसमोर 'कुठं निघालास?'. आणि द्वारकेला, जिथे सिग्नल लाल झाला तरी कुणी थांबत नाही, तिथे 'थांब'. गंमत म्हणजे लोक खरंच थांबत होते, फोटो काढायला. त्यामुळे मागे भद्रकालीपर्यंत हॉर्नचा कल्लोळ. मयुरेश स्टिअरिंगवर हात आपटत होता आणि मी काच खाली करून त्या 'थ'कडे बघत होते.

आपली छापील अक्षरं बोरूवरून आली आहेत. बोरू वळला की रेघ जाड होते, फिरला की बारीक. त्या 'थ'ला हे काही माहीतच नव्हतं. सगळीकडे एकसारखी जाडी, गाठीच्या जागी मोकळी वाटोळी फिरकी, आणि डोक्यावरची रेघ प्रत्येक अक्षराशी दोन बोटं तुटलेली. तरीही शब्द मोडत नव्हता. इतकं आनंदी अक्षर मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. घरी गेल्या गेल्या शेखरला फोन लावला.

"अक्षरं माझी नाहीत गं," तो म्हणाला. "शब्द माझे. अक्षरं धोंडीराम काकांची. निफाडकडचे आहेत, लग्नाची, गणपतीची लायटिंग करतात."

निफाडच्या अलीकडे एका उसाच्या शेताला लागून धोंडीराम काकांची पत्र्याची शेड आहे. साठीचे, काटक, बोलायला संथ. दुसरीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचतात, पण अक्षराला अक्षर लावून. त्यामुळे अक्षर त्यांच्यासाठी चित्रासारखं आहे, आणि ते आधी सळई वाकवून चित्र करतात, मग त्यावर दिव्यांची रबरी पट्टी बांधतात. डोक्यावरची रेघ तुटलेली का, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी कलात्मक उत्तर येईल.

"पट्टी कुठंबी कापता येत नाय ना ताई," ते म्हणाले. "ही बघा, कातरीची खूण. दोन इंचाला एक. हितंच कापायची. दुसरीकडं कापली तं पेटतच नाय. मंग जिथं खूण संपली तिथं रेघ संपली."

मी खाली बसले आणि शेडमधल्या दोन-दोन फुटी अक्षरांच्या खुणा मोजल्या. काना बारा खुणांचा. वेलांटी सात. 'म'ची गाठ चार. सगळी अक्षरं त्या एका मापातून निघाली होती. फॉन्टला जे माप लागतं, जे शोधायला आम्ही शिकलेली माणसं महिनोन्‌महिने घालवतो, ते त्यांच्या कातरीला आपोआप सापडलं होतं. मला हेवा वाटला, आणि इतका आनंद झाला की त्यांच्या बायकोने, बायडाबाईंनी दिलेला चहा मी तसाच गार करून टाकला.

पुढचे आठ महिने मी त्या शेडमध्ये आणि माझ्या टेबलावर आलटून पालटून काढले. काका सळई वाकवायचे, मी ते बघून काढायचे, मग छापून त्यांना दाखवायचे. ते कागद हातभर लांब धरायचे आणि म्हणायचे, "ह्याचं पोट लय आवळलंय," किंवा "ह्याला भूक लागली हे." त्यांनी म्हटलं की मी सैल करायचे किंवा भरायचे. ते म्हणाले ते दर वेळी बरोबर निघायचं, याचा मला थोडा रागही यायचा. फॉन्टवर दोघांची नावं घालायची हे मी केव्हाच ठरवलं होतं.

ऑक्टोबरपर्यंत सगळं झालं. एक अक्षर सोडून.

'दुसऱ्या', 'कोपऱ्यात', 'वाऱ्यावर' या शब्दांत 'य'च्या डावीकडे, डोक्यावरच्या रेघेखाली एक आकडा असतो. तो अर्धा 'र'. हिंदीला तो लागत नाही, म्हणून बाहेरच्या फॉन्टवाल्यांना तो कधी आठवतच नाही. पुण्याला असताना असल्या तयार फॉन्टमध्ये हा 'र' मागाहून घुसडायचं काम माझ्याकडे यायचं. उरलेल्या फटीत काहीतरी वाकडं कोंबायचं आणि मराठी वाचकाने ते चालवून घ्यायचं. बारा वर्षं मी ते केलं आणि बारा वर्षं चडफडले. माझ्या स्वतःच्या फॉन्टमध्ये तो कोंबलेला असणार नव्हता. मी अकरा वेळा काढून पाहिला. अकराही वेळा तो 'य'ला चिकटवलेल्या मिशीसारखा दिसला. बाकीची अक्षरं काकांची आणि हे एकच माझं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

शेखरच्या नऊ ठिकाणच्या शब्दांत तो कुठेच नव्हता. मी शेडवर गेले आणि म्हटलं, "काका, एवढा एक वाकवून द्या. 'वाऱ्यावर' करा."

काकांनी कागद बघितला आणि परत दिला. "ते अक्षर मी करीत नाय."

"करीत नाही म्हणजे?"

"नाय करीत." ते उठले आणि पट्टीचं बंडल उगाच दुसऱ्या खुंटीला अडकवायला गेले.

मी आग्रह केला. मग माझ्या स्वभावाप्रमाणे चिडले. म्हटलं, "काका, याच्याशिवाय हा फॉन्ट मराठीचा होत नाही. आठ महिने पाण्यात जातील."

"मंग तुमीच काढा. तुमी शिकेल हे."

"माझा जमत नाही. म्हणून तर आले."

"मंग माझं नाव नका घालू त्याच्यावर," एवढं बोलून ते शेताकडे निघून गेले.

बायडाबाई दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बसा ताई. त्याचं असं झालं," आणि त्यांनी सगळं सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात मोठा सोहळा होता. बाहेरगावाहून थोर आचार्य येणार होते. कार्यक्रमवाल्याने फोनवरून मजकूर सांगितला: आचार्यांचे हार्दिक स्वागत. काकांनी उभ्या आयुष्यात आचार्य पाहिले नव्हते. आचारी मात्र रोज पाहिले होते, कारण ज्या मांडवात यांची लायटिंग त्याच मांडवाच्या मागे आचाऱ्यांच्या चुली. फोनवर ऐकलं ते त्यांना ओळखीचं वाटलं. घरी येऊन बायडाबाईंना म्हणालेही, "बघ, सैपाक करणाऱ्यांचं स्वागत करून राहिलेत. चांगली माणसं हायेत." आणि त्यांनी जीव ओतून वीस फुटांची पाटी केली: आचाऱ्यांचे हार्दिक स्वागत.

संध्याकाळी पाटी पेटली. माइकवरच्या माणसाने ती हसत हसत दोनदा वाचून दाखवली. अख्खा मांडव हसला. आचार्यही हसले म्हणे. कार्यक्रमवाल्याने काकांना सगळ्यांदेखत विचारलं, "कितवी शिकला रे तू?" पाटी तिथल्या तिथे उतरवली.

मला ते ऐकून खरं तर हसू फुटणार होतं. आमच्या घराण्यात आचार्य पुष्कळ होऊन गेले, आचारी एकही नाही, आणि आजही नाही, हे मयुरेश शपथेवर सांगेल. पण बायडाबाईंचा चेहरा बघून हसू घशातच राहिलं. आणि लगेच लाज वाटली. 'गाड्या लावू नये' वाचून डोकं उठवणारी मीही त्या मांडवात असते, तर सगळ्यात मोठ्याने मीच हसले असते.

"मग ती पाटी कुठे गेली?" मी विचारलं.

"सहादू आचारी घेऊन गेला. दिंडोरीकडचा. त्यानं मागून घेतली म्हणं. हे कधी बघायला गेले नाय."

दोन दिवसांनी मी एकटीच दिंडोरीला गेले. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. फवारणीच्या ट्रॅक्टरमागून गाडी हळूहळू न्यावी लागत होती, पण मला घाई नव्हती. सहादू आचाऱ्यांचं ठिकाण विचारावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेला लांबलचक शेड, बाहेर माणूस बसेल एवढी पातेली उपडी घातलेली, आणि आत, चुलींच्या वरच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पाटी. दिवसाढवळ्या पेटलेली. 'स्वागत' विझलं होतं, पण 'आचाऱ्यांचे हार्दिक' लख्ख होतं.

आणि तो 'ऱ्या'. मी अकरा वेळा चुकले होते, कारण मी तो लाजत लाजत, लहान काढत होते. काकांनी तो मोठा केला होता. द्राक्षाच्या वेलीची बाळी तारेला धरायला कशी बाहेर पडते, तसा तो 'य'मधून निघून डावीकडे वळला होता. मागच्या 'चा'च्या कान्याला शिवत नव्हता, पण त्याच्या भरवशावर उभा होता. मी फोन काढून फोटो घेतला. मग फोन हातात धरून तिथेच उभी राहिले. हा फोटो बघून मी घरी बसून अक्षर काढू शकत होते. काकांना कळलंही नसतं. पण ज्याने नाही म्हटलं होतं त्याच्या घरातून वस्तू उचलण्यासारखंच ते होतं, आणि मग त्या फॉन्टवर माझं एकटीचं नाव मला सोसलं नसतं. मी फोटो पुसून टाकला.

सहादू आचारी एवढा वेळ झारा हातात घेऊन बघत होते. मी ओळख सांगितली, पाटी करणारे काका माझ्या ओळखीचे आहेत म्हटलं. त्यांचा चेहराच उजळला.

"हायेत ते? मंग त्यांना सांगा ना, 'स्वागत' बंद पडलंय दोन महिन्यांपून. दुसऱ्या एकाला बोलावलं व्हतं, तं तो म्हन्ला सगळी पट्टी काढून नवी टाकू. मी नाय म्हन्लं. ज्याची त्यानंच करावी."

मी निफाडला गेले आणि निरोप जसाच्या तसा दिला. लायटिंगवाल्याला 'लाइट बंद पडलीय' म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. काका पट्टी गुंडाळत राहिले. मग बायडाबाईच म्हणाल्या, "जावा की. गिऱ्हाईक हे शेवटी." काकांनी पेचकस, कातर, टेस्टर पिशवीत भरलं आणि माझ्या गाडीत बसले. निफाडहून दिंडोरीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मीही, नवल म्हणजे, एकाही पाटीबद्दल अक्षर काढलं नाही.

शेडमध्ये शिरल्यावर ते पाटीखाली जाऊन उभे राहिले. शिडी लावली, 'स्वागत'च्या मागचा जोड उघडला. तार उंदराने कुरतडली होती. दहा मिनिटांचं काम. 'स्वागत' पेटलं, तेव्हा भाजी निवडत बसलेल्या, सहादूंच्या हाताखालच्या फुलाबाई आणि बाकीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. काका शिडीवरून उतरायला लागले, आणि उतरता उतरता मधेच थांबले. त्यांचं लक्ष 'ऱ्या'कडे गेलं होतं. त्यांनी खाली येऊन शिडी सरकवली, परत चढले, आणि त्या वळणावरून बोट फिरवलं.

"हे कुणी बदललं?" त्यांनी विचारलं.

"कुणी हात नाय लावला," सहादू म्हणाले.

"नऊ वर्षं?" काका माझ्याकडे वळले. "ताई, एवढी मुरड दिली का पट्टी वर्षात जाती. पयल्यांदा हेच बंद पडाया पायजे व्हतं." ते पुन्हा त्या वळणाकडे बघायला लागले. आपणच केलेलं काम पहिल्यांदा बघावं तसं बघत होते.

आचाऱ्याच्या दारातून उपाशी कोण सोडणार? ताटं आली. मुगाची भाजी, बाजरीची भाकरी, ठेचा, आणि साखरपुड्याच्या ऑर्डरमधली वाटीभर बासुंदी. आम्ही त्या पाटीखाली पाटावर बसलो. सहादू आग्रह करत वाढत होते. मग काकांच्या समोरच उकिडवे बसले.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "लय दिवसांचं मनात हे. मी चाळीस वर्षं सैपाक करतो. नवरानवरीची पाटी लावत्यात, पुढाऱ्याची लावत्यात. आमी मागं धुरात. जेवून गेलेला माणूस मागं वळून बघत नाय. त्या दिवशी चुलीपाशी व्हतो, तं कुणीतरी येऊन सांगितलं का पुढं तुमची पाटी लावलीय. पळत आलो, तवर उतरवत व्हते. लोकं हसत व्हती, का हसत्यात ते काय कळलं नाय. म्या म्हन्लं, आमची हे तं आमाला द्या." त्यांनी काकांच्या ताटात अजून बासुंदी ओतली. "ती तुमी आमच्यासाठीच केली व्हती ना?"

सहादूंना नऊ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, त्यांनी कानाआड केलं असेल. पलीकडे फुलाबाईंचा हातही भाजीवर थांबला होता. सगळ्या शेडने उत्तराकडे कान लावले होते. आता खरं सांगायचं तर यांचा आनंद जाणार आणि खोटं सांगायचं तर काकांना ते कधी जमलेलं मी पाहिलं नव्हतं.

काकांनी घास गिळला. पाटीकडे बघितलं.

"हां," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच केली व्हती."

आणि ते खोटं नव्हतंच. सळई वाकवताना त्यांच्या डोळ्यांसमोर हीच माणसं होती, चुलीमागची. पाटी ज्यांच्यासाठी केली त्यांच्याच घरी पोचली होती. चूक झाली असलीच तर ती ऐकण्यात झाली होती, अक्षरात नव्हे. मला रडू आलं आणि मी ठेचा तिखट असल्याचं सांगितलं.

परत येताना काका गाडीत बसले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "घ्या ताई ते अक्षर."

मी म्हटलं, "नीट विचार करा. मग सगळीकडे दिसेल. पेपरात, मोबाइलवर."

"दिसू द्या की. मोठं करा चांगलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायडाबाईंना घेऊन आमच्या घरी आले. इंदिरानगरातला जिना चढून दोघं मागच्या खोलीत टेकली. मी रात्रीच 'ऱ्या' काढून ठेवला होता. बाळी बाहेर पडली होती, वळली होती, आणि पहिल्यांदाच माझ्या ओळीत डोळा अडखळत नव्हता. मयुरेशने चहा केला, तो मात्र गार होऊ दिला नाही.

आता फॉन्टच्या माहितीचा तक्ता भरायचा होता. करणाऱ्यांची नावं. माझं भरलं. मग म्हटलं, "काका, पूर्ण नाव सांगा." आठ महिने मी त्यांना धोंडीराम काकाच म्हणत आले होते. फोनमध्येही 'धोंडीराम लायटिंग' एवढंच होतं.

"धोंडीराम कारभारी बोऱ्हाडे," बायडाबाई म्हणाल्या. काका जमिनीकडे बघत होते.

मी टाइप करता करता थांबले. बोऱ्हाडे. तो अर्धा 'र' त्यांच्या नावातच होता. शेडवर, पावतीवर, टेम्पोवर कुठेच आडनाव का नव्हतं, ते मला आता कळलं. आणि याच माणसाला मी 'आठ महिने पाण्यात जातील' म्हणून ऐकवलं होतं.

"काका," मी म्हटलं, "माफ करा हं मला."

"कशापायी?" ते म्हणाले. "लिवा की."

मी लिहिलं. पडद्यावर, आमच्या दोघांच्या अक्षरात, मोठ्या आकारात ते नाव उमटलं. काकांनी ते अक्षराला अक्षर लावून वाचलं, ओठ हलवत, शेवटच्या मात्रेपर्यंत. बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील आणि मी रडेन.

काका खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ आले आणि 'ऱ्हा'वर बोट ठेवलं.

"ह्याला थोडं मोकळं सोडा ताई," ते म्हणाले. "'ह' अंगावर येतोय त्याच्या."

मी बघितलं. बरोबर होतं. 'ह' एक खूण पलीकडे सरकवला.